वस्तीत नक्की गरज कशाची आहे हे कसं ओळखायचं? (गोवंडी, बैंगनवाडी)

मुलुंडकर८७:

नमस्कार मंडळी, थोडा सल्ला हवाय. आम्ही कॉलेजचे सहा मित्र, आता सगळे नोकरीला, दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला काढतो आणि यंदा साडेतीन लाख जमलेत तर काहीतरी धड करायचं ठरलंय. गोवंडीत बैंगनवाडीच्या मागे कचऱ्याच्या डम्पिंगच्या बाजूला जी वस्ती आहे तिथे बालवाडी चालवणाऱ्या एक बाई आमच्यातल्या एकाच्या ओळखीच्या आहेत. उगाच आपल्या मनाने काही करायला नको, आधी लोकांना विचारू, म्हणून मोबाईलवर फॉर्म बनवला, दहा प्रश्न, आणि दोन रविवार दुपारी जाऊन भरून घेतला. ६४ फॉर्म झाले. पहिला नंबर कॉम्प्युटर क्लास, दुसरा लायब्ररी, तिसरा कचरा, पाणी पाचवं आणि संडास आठवा. आम्ही खूश, कारण दोघांच्या ऑफिसमधून जुने लॅपटॉप फुकट मिळतायत.

गोची अशी की हा निकाल बालवाडीच्या बाईंना दाखवला तर त्या आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, "अच्छा है, लगा दो. ताला भी अच्छा लगाना." पुढे काही बोलल्याच नाहीत, मुलांची खिचडी वाढायला गेल्या. तेव्हापासून डोक्यात किडा शिरलाय. काय चुकलं आमचं? ६४ कमी पडले का? कोणी असं काम केलं असेल तर सांगा प्लीज.

खाडीकाठ:

६४ कमी नाहीत हो, ६४० केले असते तरी हेच आलं असतं. मी एम-पूर्व वॉर्डात, म्हणजे गोवंडी-मानखुर्द ज्यात येतं त्या पालिकेच्या विभागात, नऊ वर्षं फिरलोय, आधी पगारावर आणि नंतर सवयीने, तर दोन गोष्टी सांगतो, जरा लांबेल.

फॉर्म कोणी भरला ते बघा. रविवारी दुपारी नाक्यावर मोबाईल घेऊन बसलेली पोरं, बरोबर? बायका त्या वेळी घरात नाहीतर जरीच्या नाहीतर मण्यांच्या कामावर, कचरा वेचणाऱ्या दमून झोपलेल्या. फॉर्म कुठल्या भाषेत होता? मराठीत असेल तर तिथल्या निम्म्या बायकांना तो वाचताच आला नसेल, त्या भागात पालिकेच्या उर्दू शाळा उगाच नाहीत. आणि पर्याय तुम्हीच लिहिले होते ना, त्यात कॉम्प्युटर क्लास सगळ्यात वर होता ना? खरं सांगा.

पण याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. लोक वेडे नसतात. समोर स्वच्छ शर्टातली सहा पोरं उभी आहेत, खांद्याला लॅपटॉपच्या बॅगा, यांच्याकडे पाण्याची लाइन कोण मागेल? यांच्याकडून जे मिळेलसं वाटतं तेच मागतील. हाच प्रश्न नगरसेवकाने विचारला तर गटार आणि लादी सांगतील, डॉक्टरने विचारला तर खोकला सांगतील. म्हणजे तुमच्या ६४ फॉर्ममध्ये वस्तीची गरज नाहीये, तुमच्याबद्दल वस्तीचा अंदाज आहे. बाई त्यालाच हसल्या असणार, त्यांना एकदा चहा पाजा.

दुसरं म्हणजे तुम्ही "वस्ती" म्हणताय ती एक नाहीये. शिवाजीनगर-बैंगनवाडीचे नंबरवाले रोड पालिकेनेच सत्तरच्या दशकात आखले, दहा बाय पंधरा फुटांचे प्लॉट, सरळ गल्ल्या, तिथे निदान नळाची लाइन आली. मागची बाजू, रफीकनगर वगैरे, ही लोकांनी खाडीच्या दलदलीत स्वतः भराव टाकून उभी केली. देवनारचं डम्पिंग १९२७ पासूनचं, लोक नंतर आले, पण कुठून आले तर कितीतरी जण दुसरीकडून पाडापाडी होऊन इथे टाकले गेले. पुढच्या रोडवरची बाई पाण्याचं प्रेशर नाही म्हणून भांडते, मागची बाई कॅनने पाणी विकत घेते. दोघींचे फॉर्म एका ढिगात टाकलेत की "पाणी, पाचवा नंबर" असंच येणार. २००९ च्या मुंबईच्या मानव विकास अहवालात हा वॉर्ड २४ वॉर्डांत सगळ्यात खाली होता, निर्देशांक एकपैकी ०.०५. तो आकडा ऐकून किती जण मदत घेऊन आले, पण कुठल्या गल्लीत काय नाही हे त्या आकड्यात कसं दिसणार.

आता करायचं काय. "तुम्हाला काय हवंय" हा प्रश्न पूर्ण बंद. त्याऐवजी "काल काय काय झालं" ते विचारा. किती वाजता उठलात, पाणी कुणी भरलं, किती हंडे, किती पैसे गेले, पोर शाळेत गेलं का, नाही तर का नाही, संडासला कितीला गेलात. गप्पा म्हणून विचारा, फॉर्म घरी ठेवा.

एक उदाहरण देतो, वस्तीचं नाव नको. वीस सीटचा सार्वजनिक संडास, दहा बायकांच्या. आम्ही रिपोर्टात लिहून मोकळे झालो होतो की सीट कमी आहेत, नवीन ब्लॉक हवा. मग एका दुपारी बायका बालवाडीत बसल्या, जमिनीवर खडूने चित्रं काढली, नळ, संडास, दवाखाना, दिवा, गटार, आणि प्रत्येकीला दहा चिंचोके दिले की जिथे त्रास जास्त तिथे जास्त ठेवा. संडासवर ढीग झाला. विचारलं, अजून सीट हव्यात ना? एक आजी म्हणाली, सीट गेल्या खड्ड्यात, कडी लावा. दहातल्या सहा दरवाजांना आतून कडीच नव्हती. म्हणून मुली जोडीने जायच्या, एक आत आणि एक बाहेर दार धरून उभी, म्हणजे रांगेत माणसं डबल. आणि आत बल्ब नाही, म्हणून कित्येक जणी संध्याकाळनंतर पाणीच प्यायच्या नाहीत. आम्ही त्या वस्तीत तेव्हा दीड वर्ष येत-जात होतो बरं का, एकालाही कळलं नव्हतं. पुरुषांना वेगळे चिंचोके दिले तर त्यांनी गटार आणि व्यायामशाळा सांगितली.

कड्या एका दिवसात बसल्या. चार महिन्यांत तीन चोरीला गेल्या, भंगारात लोखंडाचे पैसे येतात. मग वेल्डिंग करून घेतलं.

झब्बू:

एवढं चिंचोके-बिंचोके कशाला? मी स्वतः बघितलंय, घराला दार धड नाही पण आत मोठा टीव्ही आणि वर डिशची छत्री. ज्यांची प्रायॉरिटी टीव्ही आहे त्यांना काय विचारायचं, आपणच ठरवावं आणि करून टाकावं. राग मानू नका.

राणी_मानखुर्द:

राग नाही आला, सवय झालीये. मी मानखुर्दला वस्तीतच राहते, लग्नाआधीपासून, म्हणजे चोवीस वर्षं. मराठी टाइप करता येतं म्हणून लिहिते.

टीव्ही का आहे ते सांगते. मी सकाळी साडेसातला निघते, चेंबूरला दोन घरी स्वयंपाक आणि एका ठिकाणी म्हाताऱ्या आजींना बघायला, परत यायला चार. मुलगी शाळेतून साडेबाराला येते. मधले साडेतीन तास ती कुठे राहणार? गल्लीत पोरं व्हाइटनर हुंगत बसलेली असतात. आत कडी लावून टीव्ही लाव म्हणते तिला. हप्त्यावर घेतलाय, दीड वर्ष हप्ता भरला. पोरीला कोणीतरी साडेतीन तास नीट बसवून घेईल अशी जागा द्या, उद्या विकते टीव्ही.

आणि मुलुंडकर दादा, तुम्ही पहिले नाही. आमच्या दारावर चार नंबर आहेत, एक लाल पेंटने, दोन काळ्या आणि एक खडूचा पुसट झालेला. प्रत्येक नंबर म्हणजे एक सर्वे. कोणी आधार बघतं, कोणी घर मोजतं, कोणी विचारतं दिवसाला किती वेळा जेवता. एकदा एका मॅडमनी विचारलं तुमची स्वप्नं काय आहेत, मी म्हटलं मॅडम आत्ता पाणी यायची वेळ झालीये. परत कोणीच येत नाही सांगायला की त्या कागदाचं काय झालं. तुमच्या फॉर्ममध्ये पहिला नंबर काय आला ते तुम्ही इथे सांगताय, ज्या ६४ जणांनी भरला त्यांना सांगितलंत का?

कालचं विचारा म्हणताय तर माझा काल घ्या. चार वाजता उठले कारण साडेचारला नळ येतो आणि सगळ्यांच्या मोटरी चालू झाल्या की मागच्या घरांना पाणी चढत नाही. दोन पिंपं भरली, तिसरं अर्धं. सासूबाईंना संडासला घेऊन गेले, त्यांना बसवत नाही, उठताना भिंतीला धरायला काही नाही, मी बाहेरून हात दिला. त्या दिवसातून एकदाच जातात आणि त्यासाठी रात्री जेवत नाहीत. हे कुठल्या फॉर्ममध्ये येतं?

निवृत्त_ओव्हरसियर:

राणीताईंनी लिहिलंय त्यावर मी काय बोलणार, पण दुसरी बाजू थोडी सांगतो. मी मुंबईबाहेरच्या एका महापालिकेत पाणीखात्यात ३१ वर्षं काढली, शिव्या खाल्ल्यात आणि काही वेळा योग्यच खाल्ल्यात.

वस्तीत काही करायच्या आधी पहिला प्रश्न, जमीन कोणाची? पालिकेची, कलेक्टरची, रेल्वेची की वनखात्याची? पालिकेची नसेल तर एनओसीशिवाय लादीसुद्धा बसत नाही, आणि हे लोकांना पाठ असतं. म्हणूनही ते पाणी मागत नाहीत. मुंबईत तर कट-ऑफ डेटचं लफडं, अमुक सालानंतरची झोपडी म्हणून कनेक्शन नाही. शेवटी डिसेंबर २०१४ मध्ये हायकोर्टाला सांगावं लागलं की झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही. तरी कागदावरचं पाणी नळात यायला वेळ लागतोच.

दुसरं, नवीन बांधू नका. बांधणं सोपं, फित कापता येते. उद्या सीट तुंबली की कोण बघणार? माझ्या डोळ्यांसमोर एक ब्लॉक उद्घाटनानंतर सात महिन्यांत बंद पडला, मोटरचं लाइट बिल कोणाच्या नावावर यावरून.

एक चांगलंही सांगतो. १९९९-२००० च्या सुमारास रत्नाकर गायकवाड पुण्याचे आयुक्त असताना तिथे चारशेच्या वर सार्वजनिक संडास ब्लॉक झाले, बरेच स्पार्क ही संस्था आणि महिला मिलन हे वस्तीतल्या बायकांचे गट, यांच्या लोकांनी बांधले. बायकांनी सांगितल्यामुळे त्यात लहान मुलांचे संडास वेगळे केले, छोटी सीट, उघड्यावर रांगेत. आम्ही इंजिनिअर हसलो होतो. पण मोठ्यांच्या रांगेत पोरांना मागे ढकलतात, आतल्या अंधाराला आणि भोकाला पोरं घाबरतात म्हणून गटारावर बसतात, हे आमच्या एकाही ड्रॉइंगमध्ये नव्हतं. आणि राखणदाराच्या कुटुंबाला वरच खोली दिली की साफसफाई टिकते.

घराचंही तेच. लोक म्हणाले घर हवं, तर प्रकल्पग्रस्तांना गोवंडीत नटवर पारेख कंपाउंडसारख्या इमारती दिल्या, दोन बिल्डिंगमध्ये जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर ऊन नाही, हवा नाही, आणि टीबीचं प्रमाण तिथे जास्त निघालं. घर मागितलं होतं हे खरं, पण कसं घर ते कोणी विचारलं?

खाडीकाठ:

ओव्हरसियर साहेब, बरोबर. आणि विचारायचं काम बाहेरच्यानेच करायचं असंही नाही. १९८५ ला भायखळ्याकडच्या फुटपाथवाल्यांची मोजणी झाली ती त्याच लोकांना बरोबर घेऊन झाली, तोवर सरकारदरबारी ही माणसं नव्हतीच. झोपडीवासीयांचे नेते जोकिन अर्पुथम यांचं तर फारच साधं, ते राहायचे त्या जनता कॉलनीत कचरा उचलत नव्हते तर त्यांनी पोरांच्या हातून तो नेऊन म्युनिसिपालिटीच्या ऑफिससमोर टाकला. १९७६ ला ती कॉलनी उठवून लोकांना चिता कॅम्पला नेलं, ते आपल्या या पोस्टवाल्या वस्तीपासून लांब नाही.

कचऱ्यावरून आठवलं, तुमच्या फॉर्ममध्ये कचरा तिसरा आलाय ना, तो नक्की कुठला कचरा ते विचारलंत? गल्लीतला की डम्पिंगचा धूर? जानेवारी २०१६ ला डम्पिंग पेटलं होतं तेव्हा धूर उपग्रहाच्या फोटोत दिसत होता, शाळा बंद ठेवल्या होत्या. पण त्याच वस्तीत कित्येक घरं डम्पिंगवर वेचून चालतात. त्यांच्यासमोर "डम्पिंग बंद करा" म्हणून बघा. एकाच घरात आई वेचायला जाते आणि पोराला दमा, आता या घराचा पहिला नंबर काय लिहिणार?

मुलुंडकर८७:

सगळ्यांचे आभार, आणि हो, कॉम्प्युटर क्लास यादीत पहिलाच पर्याय होता. लाज वाटली.

काल परत गेलो, तिघंच, लॅपटॉपची बॅग न घेता. आधी ज्यांचे फॉर्म भरले त्यातल्या वीस-बावीस जणांना निकाल सांगितला, एक मुलगा म्हणाला, "मैंने तो सब में पहला वाला टिक किया था." बालवाडीच्या बाईंनी पाच जणी गोळा केल्या. चिंचोके मिळाले नाहीत, राजमा वापरला. दिवा आणि दवाखाना बरोबरीत आले आणि त्यावरून त्यांच्यातच वाद झाला, एक म्हणाली दिवा असेल तर रात्री दवाखान्यात जाता तरी येईल. पाण्यावर एकीने सगळे दहा ठेवले, ती सगळ्यात मागच्या गल्लीतली. लायब्ररीवर एकच दाणा आणि तो बाईंचा स्वतःचा, म्हणाल्या "तुम्हारा दिल रखने के लिए."

ठरलं काहीच नाही अजून. आमच्यातले दोघं वैतागलेत, पैसे पडून आहेत म्हणतात. ताल्याचंही विचारलं, तर बालवाडीचेच दोन पंखे गेल्या वर्षी चोरीला गेलेत.

राणीताई, दुपारी मुलांना बसवायच्या जागेबद्दल तुमच्याशी बोलायचंय, आणि तुमच्याकडे असंच किती जणींचं आहे तेही. रविवारी पहाटे साडेचारला नळावर आलो तर चालेल का?

राणी_मानखुर्द:

या. पण रविवारी पाणी साडेतीनला येतं. आणि रिकाम्या हाताने उभे राहू नका, पाइप धरायला लागेल.