ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम: गिटार किती खाली लावलीय?

टिळकवाडी_रिफ
मंडळी, ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा १९७० चा पहिला अल्बम बसवायला घेतलाय. शहापुरात मित्राच्या माळ्यावर आम्ही तिघं सराव करतो. काही केल्या आवाज तेवढा जड येईना. तारा दीड स्टेप (तीन अर्धस्वर) खाली उतरवल्या तर नुसत्या लडबडतात, आणि रेकॉर्डशी सूरही जुळत नाही. त्यांच्या गिटारिस्टनं, टोनी आयोमीनं, किती खाली लावली होती? आवाज फाटका करणारं डिस्टॉर्शन पेडल कुठलं घेऊ?

खानापूर_पेटी
मी भजनाला साथ करतो, मेटल फारसं ऐकत नाही. पण पहिल्या गाण्याचा रिफ, म्हणजे परत परत येणारा गिटारचा तुकडा, पेटीवर काढून बघितला. सा, वरचा सा, मग तीव्र मध्यम. कान पंचमाची वाट बघत राहतो आणि तो येतच नाही. अंगावर काटा आला.

उद्यमबाग_दुसरी_पाळी
भावा, आधी तारा वर चढव. हा अल्बम स्टँडर्ड ट्यूनिंगमध्येच आहे, म्हणजे तारा नेहमीच्याच सुरात. दीड स्टेप उतरवणं आलं ते १९७१ च्या त्यांच्या अल्बमला, 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'ला.

मी पॉवर प्रेसवर काम करतो, म्हणून आयोमीची गोष्ट मला फार लागते. बर्मिंगहॅमचा पत्र्याचा कारखाना, वय १७, नोकरीचा शेवटचा दिवस. एरवी तो वेल्डिंगला. प्रेसवरचा माणूस आला नाही म्हणून याला उभा केला, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. त्यात हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो! आमच्याकडं बदली माणूस प्रेसवर आला की माझं निम्मं लक्ष त्याच्या बोटांवर असतं.

घरी बसलेल्या पोराला त्याच्या फोरमननं जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची रेकॉर्ड ऐकवली, आणि मग सांगितलं, हा दोनच बोटांनी वाजवतो. असा फोरमन मिळायला नशीब लागतं. मग आयोमीनं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात, बारीक मिळेनात, म्हणून बँजोच्या लावल्या. तेव्हा जड आवाजासाठी जाड तारा, हे डोक्यातून काढ.

पेडलला पैसे घालू नकोस. त्यानं लेनी कंपनीच्या अँपला ट्रेबल बूस्टर, म्हणजे वरचे सूर उठवणारी डबी, जोडला होता. जडपणा वाजवण्यात आहे. पहिलंच गाणं परत ऐक की. कडव्यात गिटार अगदी मऊ, ड्रमर बिल वॉर्डचे टॉम (ड्रम) मागं घुमतात, आणि मग रिफ पुन्हा अंगावर येतो. तेव्हा गीझर बटलरचा बास गिटारला चिकटून असतो. तुम्ही कडव्यातही फुल गेन (अँपचा जोर) ठेवत असणार, मग रिफला वाढायला जागा कुठली? १६ ऑक्टोबर १९६९ ला लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत हे तिघं आणि गायक ऑझी ऑस्बर्न अशा चौघांनी एकत्र वाजवून एका दिवसात काम उरकलं. पाऊस आणि घंटा तेवढी नंतर घातली. तुम्हीही एकत्रच वाजवा.

टिळकवाडी_रिफ
दादा, तारा चढवल्या, कडव्यात गेन उतरवला. फरक लगेच कळला! एक शंका: काही याद्यांत 'ईव्हिल वुमन' आहे, काहींत त्याजागी 'विकेड वर्ल्ड'. खरं कुठलं?

उद्यमबाग_दुसरी_पाळी
दोन्ही. ब्रिटिश आवृत्तीत पहिलं, अमेरिकन आवृत्तीत दुसरं. 'ईव्हिल वुमन' मूळ क्रो या अमेरिकन बँडचं. तुम्ही 'विकेड वर्ल्ड' बसवा. तेच रेकॉर्ड करताना आयोमीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा पिकअप (तारांचा आवाज उचलणारा भाग) गेला, आणि बाकीचा अल्बम त्यानं गिब्सन एसजी या दुसऱ्या गिटारवर वाजवला.