'कामगाराची चूक' लिहून फाइल बंद करणाऱ्यांसाठी

प्रेसशॉप
'शिफ्टवाला' यांनी काल लिहिलं की नव्वद टक्के अपघात कामगाराच्या हलगर्जीपणानेच होतात, सिस्टीम-बिस्टीम ही एसीत बसणाऱ्यांची थेरं. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, लांबलं, म्हणून वेगळा धागा.

हा नव्वदचा आकडा आला कुठून? १९३१ साली हाइनरिक नावाच्या, अमेरिकेतल्या विमा कंपनीच्या माणसाने मांडलं की ८८ टक्के अपघात कामगारांच्या 'असुरक्षित कृती'मुळे होतात. आधार काय, तर विम्याचे दावे आणि कारखानदारांच्या दप्तरातल्या नोंदी. म्हणजे मालकाला विचारलं चूक कोणाची, मालक म्हणाला कामगाराची, आणि त्याचं शास्त्र झालं. सेफ्टीच्या ट्रेनिंगला अजून तोच आकडा पडद्यावर झळकतो.

आता १७ जून २०२४ घ्या. पश्चिम बंगालमध्ये रंगापानीजवळ मालगाडी कांचनजंघा एक्स्प्रेसवर मागून आदळली. त्याच दिवशी रेल्वे बोर्डाने सांगून टाकलं की मालगाडीच्या चालकाने सिग्नल पाळला नाही. चालक मेलेला, उलट बोलणार कोण? मग रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा अहवाल आला. स्वयंचलित सिग्नल सकाळपासून बिघडलेले. लाल सिग्नल ओलांडायची परवानगी, तो टीए ९१२ नावाचा कागद, चालकाला स्टेशनातूनच दिलेला, आणि वेग किती ठेवायचा हे त्यावर लिहिलेलंच नाही. बिघाडानंतर त्या पट्ट्यात सात गाड्या शिरल्या. ताशी १५ किलोमीटर आणि प्रत्येक बिघडलेल्या सिग्नलला एक मिनिट थांबा, हे पाळलं एकट्या कांचनजंघाने. बाकी सहांनी नाही. एकाच सकाळी सहाच्या सहा चालकांच्या अंगात हलगर्जीपणा संचारला काय?

शिफ्टवाला
रेल्वेचं रेल्वेवाल्यांना सांगा. मी भोसरीत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा साच्यात दाबून कापणाऱ्या यंत्रावर, उमेदीची वर्षं घालवलीत. भांडून दोन हातांची बटणं बसवून घेतली, दोन्ही हात बटणांवर असले तरच प्रेस चालावा म्हणून. आठवडा झाला नाही तोच एका पोराने एका बटणावर पॅकिंगचा टेप गुंडाळून ते कायमचं दाबून ठेवलं. एक हात बटणावर, दुसरा डायमध्ये, म्हणजे साच्यात. समजावलं, मेमो दिला. म्हणतो, 'साहेब, हात बसलाय आता.' उजव्या हाताची दोन बोटं गेली. हॉस्पिटलात त्याच्या आईसमोर मी उभा होतो, तुमची सिस्टीम नव्हती आली. टेप काय सिस्टीमने गुंडाळला?

प्रेसशॉप
वाईट झालं, आणि तुम्ही तिथे उभे राहिलात याचा मान आहेच. पण दोन प्रश्नांची उत्तरं द्या. दोन्ही हात बटणावर ठेवून तुमचं टार्गेट निघत होतं का? आणि टेप लावल्यावर प्रेस चाललाच कसा? अँटी-टाय-डाऊन रिले असेल तर दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबावी लागतात, आणि दर स्ट्रोकला दोन्ही सोडावी लागतात. टेप लावलात तर प्रेस ढिम्म हलत नाही. म्हणजे तुमची बटणं नुसती एकामागे एक जोडून दिली होती. पोराने टेप लावला हे खरं, टेप चालेल अशी वायरिंग कोणी केली?

शिफ्टवाला
बोलायला काय जातंय! मालकाकडे रिले मागून बघा एकदा. आणि टार्गेटचं म्हणाल तर ते गिऱ्हाईक कंपनी ठरवते, मी नाही.

प्रेसशॉप
बघा, आता तुम्हीच सिस्टीम सांगायला लागलात.

शिफ्टवाला
शब्दात पकडू नका. त्याच लाइनवर बाकीचे आठ जण बटणं नीट वापरत होतेच ना?

मधुरा_एचएसई
रिलेवरून एक. प्रेस पिन क्लचचा असेल, म्हणजे पिन अडकवून फिरवायचा जुना प्रकार, तर रिले लावा नाहीतर लाइट कर्टन (हात मध्ये आला की प्रेस थांबवणारा किरणांचा पडदा) लावा, उपयोग नाही; एकदा पिन पडली की स्ट्रोक पूर्ण झाल्याशिवाय प्रेस थांबत नाही. पिन झिजली तर प्रेस आपोआप डबल मारतो, बटणाला हात न लावता. तिथे डायवर बंदिस्त गार्डच हवा, आणि माल घ्यायला चिमटा. ऑडिटला येणारे मात्र लाइट कर्टनचा हिरवा दिवा बघून खूश होऊन जातात.

लालबावटा
दोघांचंही एका बाबतीत चुकतंय. 'सिस्टीमची चूक' म्हटलं की साहेब लोक सर्वांत आधी टाळ्या वाजवतात, कारण सिस्टीमला अटक होत नाही. भोपाळ आठवा. गॅसची टाकी थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन बंद, सुटलेला गॅस जाळणाऱ्या फ्लेअर टॉवरचा पाइप काढून ठेवलेला, गॅस निष्प्रभ करणारा स्क्रबर स्टँडबायवर. आणि युनियन कार्बाइड कंपनी अखेरपर्यंत म्हणत राहिली की एका नाराज कामगाराने मुद्दाम पाणी सोडलं. सात जणांना शिक्षा झाली २०१० मध्ये, दोन वर्षं, आणि लगेच जामीन. रेफ्रिजरेशन बंद करणं हा काय निसर्गाचा कोप होता? कुणीतरी निर्णय घेतला होता ना? त्या निर्णयालाही चूक म्हणा. माणसाचीच, फक्त वरच्या मजल्यावरच्या.

प्रेसशॉप
हे मान्य. पण मग तुम्ही माझ्या बाजूने आहात.

लालबावटा
कुणाच्या बाजूने नाही. तुम्ही कन्सल्टंट आहात असा वास येतोय.

चाकणकर
इतकी भांडाभांडी कशाला? शिस्त असली की होतं. आमच्या गेटवर 'अपघातमुक्त दिवस'चा बोर्ड आहे, आकडा चार अंकी झालाय. ४ मार्चला सुरक्षा सप्ताहात सगळे शपथ घेतो, घोषवाक्य स्पर्धा असते.

मधुरा_एचएसई
तो बोर्ड! या धाग्यावरचं बाकी सगळं सोडा, आधी या बोर्डाचं बघू. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाने कायद्याचं ८८वं कलम वाचलंय? दुखापतीमुळे माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही की अपघात सरकारला कळवायचा, असं त्यात होतं. म्हणून काय करतात? पायाला प्लास्टर घातलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी रिक्षाने आणून टाइम ऑफिसात बसवतात. हजेरी लागली, बोर्डावरचा आकडा शाबूत. माझ्या आधीच्या ठिकाणी असा एक वेल्डर दिवसभर गेटपास मोजत बसलेला मी पाहिलाय.

चाकणकर
ताई, तुमची कंपनी तशी असेल. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. आमच्याकडे निअर मिसचे, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचे, फॉर्मसुद्धा भरतात.

मधुरा_एचएसई
कोण भरतं? महिन्याला प्रत्येकी दोन फॉर्मचं टार्गेट असेल तर 'जिन्यावर पाणी सांडलं होतं' असे ढीगभर येतात. क्रेनची साखळी घसरली ते कुणी लिहीत नाही, कारण लिहिलं की पहिला प्रश्न 'ऑपरेटर कोण होता?'

शिफ्टवाला
यात मात्र ताई बरोबर बोलतायत. अपघात झाला, बोर्ड परत शून्यावर आला की शिफ्ट इन्चार्जचा बोनस जातो. माझा गेलाय. पुढच्या वेळी मी काय लिहीन, सांगा.

चाकणकर
म्हणजे तुम्ही अपघात लपवलेत?

शिफ्टवाला
तोंड सांभाळून. मी असं म्हणालेलो नाही.

प्रेसशॉप
चाकणकर, तो माणूस तुम्हाला आतली गोष्ट सांगतोय आणि तुम्ही त्यालाच आरोपी करताय. निअर मिस का लिहीत नाहीत त्याचं प्रात्यक्षिक इथेच झालं.

चाकणकर
बरं बरं, आम्ही अडाणी. बोर्ड काढतो उद्यापासून आणि कामगारांना सांगतो, टेप लावा, चूक सिस्टीमची आहे.

लालबावटा
काढण्याआधी एक सांगा. त्या बोर्डात कंत्राटी कामगार धरलेत का?

चाकणकर
ते कंत्राटदाराच्या खात्यात जातात. पद्धतच तशी आहे.

लालबावटा
आणि प्रेसवर, भट्टीवर, उंचीवर कोण असतं?

चाकणकर
बहुतेक तेच. पण त्याचा या विषयाशी संबंध नाही.

शिफ्टवाला
प्रेसशॉप, तुमच्या नव्वद टक्क्यांच्या पुराणाशी मी सहमत नाही, टेप लावणारा टेप लावतोच. पण तो रिले कुठल्या मेकचा घ्यावा? आमच्या दोन प्रेसना पिन नाही, हवेच्या दाबावरचा एअर क्लच आहे, तिथे बसेल. मालकाला कोटेशन दाखवल्याशिवाय तो ऐकायचा नाही.