युव्हायटिसमध्ये डायची अँजिओग्राफी खरेच कालबाह्य झाली आहे का?

माहीमकर (धागाकर्ते):
काल येथे ‘केवडा’ यांनी लिहिले की, ओसीटी-अँजिओग्राफी (ओसीटी-ए, म्हणजे सुई न टोचता प्रकाशाने डोळ्याच्या पडद्यातील रक्तवाहिन्या दाखवणारी तपासणी) उपलब्ध असताना शिरेत डाय, म्हणजे रंगद्रव्य, टोचून पडद्याचे फोटो काढणे म्हणजे रुग्णाचा निष्कारण छळ आहे. युव्हायटिसच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या सुजेच्या, रुग्णांसाठी हे विधान धोकादायक आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ओसीटी-ए एकाच जागेचे स्कॅन लागोपाठ घेते आणि त्यांतील फरकावरून वाहत्या रक्तपेशी ओळखते. रक्त कोठे वाहते आणि कोठे थांबले आहे हे तिला कळते. वाहिनीच्या भिंतीतून काय झिरपते आहे, हे कळत नाही. व्हॅस्क्युलायटिसमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सुजेत, तर नेमके तेच पाहायचे असते. बेहचेट या रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजाराच्या रुग्णाची दृष्टी ६/६ असते, समोरून डोळा शांत दिसतो, आणि फ्लुओरेसीन हा डाय टोचल्यावर केशवाहिन्यांतून नेच्याच्या पानासारखी गळती उमटते. स्टेरॉइड कमी करायचे की नाही, हे अशा गळतीवरही ठरते.

केवडा:
‘धोकादायक’ हा शब्द आपण मागे घ्यावा. डाय टोचताना माझ्या बहिणीच्या कोपराजवळची शीर फुटली, डाय मांसात गेला, हात सुजून आठवडाभर ठणकत राहिला आणि त्यानंतर तिने तपासणीलाच जायचे सोडले. मळमळ आणि उलटी तर नेहमीचीच, शिवाय क्वचित जिवावर बेतणारी ॲलर्जीही होते. नोव्होटनी आणि आल्विस यांनी १९६१ साली मांडलेल्या पद्धतीला किती काळ कवटाळून बसायचे? ओसीटी-ए गरोदर बाईचीही निर्धास्त करता येते आणि प्रत्येक भेटीत करता येते. मॅक्युलातील, म्हणजे पडद्याच्या मध्यभागातील, खोलवरच्या केशवाहिन्या बंद पडल्या असतील, तर डायपेक्षा तीच स्पष्ट दाखवते, कारण तिच्यात गळतीचा धूसरपणा आड येत नाही.

परळचा तंत्रज्ञ:
आपल्या बहिणीचे वाईट वाटले, परंतु तो दोष सुई लावणाऱ्याचा आहे, तपासणीचा नव्हे. डाय टोचल्यावर दहा-पंधरा सेकंदांत तो पडद्यावर पोहोचतो, तरीही रुग्णाला आम्ही दहा मिनिटे बसवून ठेवतो, कारण खरी गळती उशिराच्या फोटोंत दिसते. व्हिट्रियस, म्हणजे डोळ्यातील जेलसारखा भाग, गढूळ असेल आणि नजर एका जागी ठरत नसेल, तर ओसीटी-एवर नुसते आडवे पट्टे येतात. हेन्री ईल्स यांनी १८८० मध्ये वर्णन केलेला, पडद्याच्या वाहिन्यांना सूज आणणारा ईल्स आजार आपल्याकडे तरुण मुलांमध्ये आजही दिसतो आणि तो पडद्याच्या कडेला सुरू होतो. मधल्या सहा मिलिमीटरच्या चौकोनात तो शोधणे म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवणे आहे.

सुमनताई गिरगाव:
आपण सारे यंत्रांवरून भांडत आहात. माझ्या मुलाला ईल्स आहे. डॉक्टर बदलले तेव्हा नव्या डॉक्टरांनी जुनी अँजिओ मागितली, आणि आमच्या हातात होता एक काळपट प्रिंट, ज्यावर कडेची एकही वाहिनी ओळखू येत नव्हती. मूळ फोटो मागितले, तर ‘मशीनमधून काढून टाकले’ असे उत्तर मिळाले. पोराला पुन्हा सुई, पुन्हा दिवसभर पिवळी लघवी, पुन्हा खर्च.

परळचा तंत्रज्ञ:
ताई, रुग्णही सीडी हरवतात, हे आपण सांगत नाही.

सुमनताई गिरगाव:
जी दिलीच नाही, ती हरवेल कशी? गळती वाढली की घटली, हे जुना फोटो शेजारी ठेवल्याशिवाय आपल्याला तरी सांगता येते का?

परळचा तंत्रज्ञ:
नाही येत. आमच्या विभागात फोटो पेनड्राइव्हवर देतात, पण तेही मागितले तरच, हे मला मान्य करावे लागेल.

केवडा:
मीही हेच म्हणते. फोटो जपले असते, तर निम्म्या सुया वाचल्या असत्या. गळती ओसीटी-एवर दिसत नाही आणि तिची चौकट लहान आहे, एवढे मी नाइलाजाने मान्य करते. परंतु दर खेपेस डाय टोचण्याचे समर्थन त्यातून होत नाही.

माहीमकर:
दर खेपेस टोचा, असे मी कोठेही लिहिलेले नाही. निदान करताना, औषध बदलण्यापूर्वी आणि लक्षणे व तपासणी जुळत नसतील तेव्हा डाय हवाच. मधल्या भेटींत मॅक्युलावर लक्ष ठेवायला आपली ओसीटी-ए चालेल. ‘धोकादायक’ हा शब्द मात्र मी मागे घेणार नाही, कारण आपले वाचून एखादा ईल्सचा मुलगा उद्या डायला नकार देईल.

सुमनताई गिरगाव:
नकार देणार नाही, पण सुई टोचण्याआधी ‘मूळ फोटो देणार का’ हे विचारायला मी त्याला शिकवले आहे.