साधं ग्रीक योगर्ट तुम्ही चविष्ट कसं केलंत? अनुभव सांगा

सायली_म
आज कपाट आवरताना ग्रीक योगर्टचा (पाणी निथळून घट्ट केलेल्या दह्याचा) एक जुना डबा सापडला. आत सेफ्टी पिना. बाबांनीच ठेवलेल्या. झाकण उघडलं आणि ते दोन महिने आठवले.

बाबांच्या जबड्याचं ऑपरेशन झालं होतं. चावायचं काही नाही, प्रथिनं भरपूर हवीत, आणि मधुमेहामुळे साखर बंद. आहारतज्ज्ञ बाईंनी रोज वाटीभर साधं ग्रीक योगर्ट सांगितलं. १०० ग्रॅममध्ये ९-१० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे साध्या दह्याच्या दुपटीहून जास्त. पण बाबा पहिल्याच चमच्याला डोळे मिटून घ्यायचे. "खडू खाल्ल्यासारखं वाटतं गं." चाखून पाहिलं तर खरंच, आंबट आणि टाळ्याला चिकटणारं. गोडीच्या गोळ्या कुटून घातल्या, तर मागून कडवट चव यायला लागली. व्हॅनिला घातला, दालचिनी घातली. त्याने जरा बरं झालं, पण वाटी अर्धीच संपायची.

एका संध्याकाळी मी इतकी दमले होते की फक्त चिमूटभर मीठ, मिरपूड आणि चमचाभर ऑलिव्ह तेल घालून काट्याने फेटलं आणि दिलं. बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने वाटी खरवडल्याचा आवाज आला. "उद्यापण हेच दे," म्हणाले. आंबटपणा गोडानेच झाकायचा असं मी धरून बसले होते. मीठ आणि तेल लागताच तो आंबटपणाच चवदार लागायला लागला.

बाबा आता सगळं चावून खातात. तुम्ही काय काय केलंत, लिहा ना.

निशिगंध
मध आणि भाजलेले अक्रोड. ग्रीसमध्ये असंच खातात. मध वरून सोडायचा, ढवळायचा नाही. ढवळला की गोडी सगळीकडे विरते आणि मग आपण अजून मध ओततो. एका चमच्यात मध, पुढच्यात नुसतं आंबट, अशी गंमत हवी. अक्रोड मात्र भाजूनच, कच्च्याची साल तुरट लागते. आणि घरात एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मध अजिबात नको.

रेवाची_आई
सायली, वाटी खरवडल्याच्या आवाजापाशी डोळे भरले गं. माझ्या सासऱ्यांचंही असंच होतं. नंतर सविस्तर लिहिते, दूध उतू चाललंय.

केदार७७
अननस घालू नका!! सकाळी डब्यात ताजे तुकडे घालून नेले, दुपारी उघडलं तर कडू जहर आणि पातळ. मला वाटलं योगर्टच खराब निघालं. नंतर कळलं, ताज्या अननसात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. किवीचंही तेच. खायच्या वेळी घातलं तर चालतं. शिजवलेला किंवा डबाबंद अननस केव्हाही चालतो, उष्णतेने ते एन्झाइम निकामी होतं.

मृण्मयी
@केदार७७ अरे दादा, म्हणून होय! मी किवी घालून रात्री फ्रिजमध्ये ठेवायचे आणि सकाळी दुकानदाराला नावं ठेवायचे. आज उलगडा झाला.

अश्विनी_पोहणारीची_आई
लेक रोज पहाटे पोहायला जाते, आल्यावर भूक म्हणजे विचारू नका. तिच्यासाठी कोको पावडर. आधी चमचाभर गरम पाण्यात चांगली घोटायची, नाहीतर गुठळ्या होतात आणि जिभेवर पीठ लागतं. मग पिकलेलं केळं कुस्करून, वर पीनट बटर. केळ्यावर काळे ठिपके आलेले असले की साखर लागतच नाही. तिचा गॉगल परत हरवलाय, या महिन्यातला तिसरा.

शमा
@अश्विनी कितव्या वर्षी घातलंत पोहायला? माझा सहाचा आहे, पाण्याला घाबरतो.

अश्विनी_पोहणारीची_आई
@शमा सातव्या. पहिला महिना नुसती पायरीवर बसून पाय हलवायची. घाई करू नका, येतो हळूहळू.

विनय_क
सगळ्यांना एकच सांगतो, शून्य टक्के फॅटचं आणता आणि मग चव शोधता. स्निग्धांश आंबटपणाची धार बोथट करतो. ५ टक्क्यांचं आणा, १० टक्क्यांचंही मिळतं. एक किलोसाठी ३-४ लिटर दूध लागतं, इतकं पाणी निथळलेलं असतं. शून्यवालं खडूसारखं लागणारच. सायलीताईंच्या ऑलिव्ह तेलाने तेच काम केलं, काढलेला स्निग्धांश परत घातला.

मृण्मयी
आणि फ्रिजमधून काढल्या काढल्या खाऊ नका. १०-१५ मिनिटं बाहेर ठेवा. गारठलेल्या पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते. काहीही न घालता फरक पडतो, करून बघा. वर पाणी सुटलं असेल तर ओतू नका, ढवळून टाका.

जयू_काकू
मी तुर्की पद्धतीचं चिल्बिर करते. योगर्टमध्ये किसलेला लसूण आणि मीठ, वर कवच फोडून थेट गरम पाण्यात सोडून शिजवलेली अंडी, त्यावर तिखट घालून तापवलेलं लोणी. लोणी लालभडक होऊन पांढऱ्यावर ओघळतं ना, ते बघूनच भूक लागते. योगर्ट आधी फ्रिजबाहेर काढून ठेवा, नाहीतर अंडी गार होतात.

केदार७७
काकू, मी गरम रश्शात घातलं तर फाटलं हो. दाणे दाणे झाले.

जयू_काकू
@केदार७७ थेट नाही रे घालायचं. आधी वाटीत घे, त्यात चमचा चमचा गरम रस्सा घालून कोमट कर, मग गॅस बारीक करून सोड. थोडं कॉर्नफ्लोअर लावलंस तर जास्त सांभाळून घेतं. उकळी मात्र नको.

रेवाची_आई
आले परत. सासऱ्यांना त्झात्झिकी, म्हणजे काकडीचं ग्रीक रायतं, आवडायचं. काकडी किसून मीठ लावून ठेवायची, योगर्ट, लसूण, लिंबू, ऑलिव्ह तेल. शेवटच्या दिवसांत दुसरं काही नको म्हणायचे, हे मात्र मागून घ्यायचे. बोट बुडवून चाटायचे लहान मुलासारखे. लिहिताना आत्ता वास आला लसणाचा.

सायली_म
@रेवाची_आई ❤️ काकडी पिळायची का गं? माझं पाणी पाणी होतं.

रेवाची_आई
पिळायचीच! स्वच्छ फडक्यात घालून चांगली घट्ट पीळ, कपभर पाणी निघतं. आणि लसूण जपून, रात्रभरात तो अजून तिखट होतो.

सायली_म
किसून ठेवली बघ, मीठ लावलंय. बाबा विचारतायत ऑलिव्ह तेल आहे ना घरात, आणि पिनांचा डबा टाकू नकोस म्हणतायत.