चॉसरची बाथची बाई: बायकांचा वरचष्मा की सरदाराची सुटका?

निमूट_वाचक (धागाकर्ती)
चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये यात्रेकरू एकमेकांना गोष्टी सांगतात. त्यातली, इंग्लंडमधल्या बाथ गावच्या बाईने सांगितलेली गोष्ट म्हणजे काळाच्या पुढची, बायकांच्या बाजूची, असं आम्हाला एम.ए.ला शिकवलं होतं. परवा पुन्हा वाचली आणि डोकं फिरलं.

वाचली नसेल त्यांच्यासाठी: आर्थर राजाच्या दरबारातला एक तरुण सरदार वाटेने एकटी चाललेल्या मुलीवर बलात्कार करतो. शिक्षा शिरच्छेदाची. पण राणी आणि दरबारातल्या बायका त्याच्यासाठी रदबदली करतात. राणी त्याला एक वर्ष आणि एक दिवस देते: बायकांना सगळ्यात जास्त काय हवं असतं ते शोधून आण, मान वाचेल. गडी दारोदार फिरतो. कोणी पैसा म्हणतं, कोणी कपडालत्ता, कोणी खुशामत. शेवटी रानाच्या कडेला भेटलेली एक कुरूप म्हातारी उत्तर सांगते, नवऱ्यावर सत्ता, आणि बदल्यात त्याच्याशी लग्न लावून घेते. पहिल्या रात्री हा नुसता तळमळतोय. मी म्हातारी-कुरूप पण एकनिष्ठ राहू, की तरणी-देखणी होऊ आणि पुढचं तुझं नशीब, असं ती विचारते. तो म्हणतो, तूच ठरव. झालं! ती देखणीही होते, एकनिष्ठही.

आणि ती वाटेवरची मुलगी? चार-दोन ओळींत संपली. वर्षभर बायकांना प्रश्न विचारत हिंडणाऱ्याला तिच्याकडे जावंसं वाटत नाही.

आडवाट
असहमत. चॉसरचा मित्र गॉवर यानेही हीच गोष्ट सांगितली आहे. त्यात नायकाच्या हातून लढाईत एक माणूस मरतो, बलात्कार नाहीच. म्हणजे चॉसरच्या गोष्टीत हा गुन्हा सहज आलेला नाही. ज्याने बाईची इच्छा विचारलीच नाही, त्याला वर्षभर तेवढंच विचारत फिरायला लावलंय. निवाडाही राजाच्या हातून राणीच्या हाती गेला. मान उडवून काय शिकला असता?

निमूट_वाचक
आणि न उडवून काय शिकला? लग्नाच्या रात्री तक्रार काय, तर तू म्हातारी, कुरूप, हलक्या कुळातली! बिचारी त्याला कुलीनपणा जन्मावर नसतो, वागण्यावर असतो, हे लांबलचक समजावत बसते.

खवचट_काका
'तूच ठरव' हा हृदयपालट वगैरे नाही हो. आमच्याकडे "आज भाजी काय करू?" विचारलं की मी तेच म्हणतो. मला आजवर कुणी सत्ता सोडल्याचं श्रेय दिलेलं नाही.

आडवाट
काका :) पण गोष्ट सांगतेय कोण ते बघा. ॲलिसन, म्हणजे हीच बाथची बाई. कापड विणण्यात नावाजलेली, पाच नवरे केलेली, पहिलं लग्न बाराव्या वर्षी. पाचवा जँकिन तिच्या निम्म्या वयाचा, ऑक्सफर्डला शिकलेला. आधीच्या नवऱ्यांकडून आलेली जमीनजुमला तिने प्रेमापोटी त्याच्या नावावर केली आणि पस्तावली. हा रोज रात्री शेकोटीपाशी वाईट बायकांच्या कहाण्यांचं पुस्तक मोठ्याने वाचणार. एका रात्री तिने त्यातली पानं टराटरा फाडली, त्याने डोक्यात असा ठोसा हाणला की ती एका कानाने बहिरी झाली. मग समझोता: पुस्तक जाळलं, घराचा आणि जमिनीचा लगाम तिच्या हाती. त्यानंतर ती म्हणते, डेन्मार्कपासून हिंदुस्थानापर्यंत माझ्याइतकी मायेने वागणारी बायको सापडायची नाही. (हो, आपलाही उल्लेख आहे!)

गोष्टीतल्या म्हातारीचंही हेच. आधी 'मग सत्ता माझी ना?' असं वदवून घेते, मगच गोड होते. हा जमिनीचा व्यवहार आहे, जादू नंतरची.

तळटीप
पण पुढची ओळ गाळू नका. देखणी झाल्यावर ती नवऱ्याला आवडेल ते सगळं ऐकत राहिली, असं स्पष्ट लिहिलंय. मिळालेला लगाम त्याच रात्री परत केला की!

आडवाट
आणि त्याच्या लगेच पुढची? येशूने आम्हाला गरीब स्वभावाचे, तरणे नवरे द्यावेत आणि बायकोचं न ऐकणाऱ्यांचं आयुष्य कमी करावं, अशी प्रार्थना आहे. लगाम परत करणारी बाई असं मागेल?

निमूट_वाचक
जमिनीचा मुद्दा पटला, तो माझ्या लक्षात आला नव्हता. पण ॲलिसनकडे सौदा करायला जमीन होती, म्हातारीकडे उत्तर होतं. वाटेवरच्या मुलीकडे काय होतं? राणीने मान वाचवताना तिला दरबारात बोलावलंसुद्धा नाही. तुमच्या समझोत्यात तिची जागा दाखवा, मग धाग्याचं शीर्षक बदलते.