मदत हवी आहे: बाबांच्या पद्मिनीसाठी घरचं गॅरेज कामाजोगं करायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे १९७५ ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी ती १९८१ साली जुनी म्हणून घेतली आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं तीच आमची एकुलती गाडी होती. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना आंबा घाटात ती तापायची, बाबा बॉनेट उघडून उभे राहायचे आणि मी झऱ्यावरून कळशी भरून आणायचो. पॉइंट साफ करणं, प्लगचा गॅप बघणं, ब्रेक शू बदलणं, सोलेक्स कार्ब्युरेटर उघडून जेट फुंकणं हे सगळं त्यांच्या हाताखाली शिकलो. बाबा २०१९ मध्ये गेले. तेव्हापासून गाडी उभीच आहे.

मधे पत्र्याच्या कामासाठी एका गॅरेजात दिली होती. चौदा महिने ती तिथे उघड्यावर पडून होती. परत आली तेव्हा तळाच्या सडलेल्या पत्र्यावर नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला होता, आणि पुढची जाळी आणि दोन व्हील कप गायब होते. त्या दिवशी ठरवलं, आता गाडी दुसऱ्याच्या दारात ठेवायची नाही. वेळ लागला तरी चालेल, घरीच करीन.

जागा अशी आहे: १८ फूट बाय ११ फूट, चिऱ्याच्या भिंती, वर सिमेंटचे पत्रे, कडेला उंची ९ फूट आणि मध्ये १२. खाली जुना कोबा, तो ठिकठिकाणी फुटलाय आणि पावसाळ्यात ओलावा वर येतो. वीज म्हणजे एक बल्ब आणि एक पाच अँपियरचा पॉइंट. खर्चाला सध्या साडेतीन लाख बाजूला काढलेत, त्यात गाडीचा खर्च धरलेला नाही.

माझा विचार होता की आधी मधोमध खड्डा खणावा, म्हणजे खालून पत्र्याचं वेल्डिंग करता येईल. मग कॉम्प्रेसर, मिग वेल्डिंग (तार आपोआप पुढे येते ते) आणि शेवटी रंगही इथेच. पण घरातले म्हणतात आधी विचारून घे. खड्डा की लिफ्ट? कोबा करू की फरशी? आणि आमच्याकडच्या दमट हवेत उघडा केलेला पत्रा गंजण्यापासून कसा वाचवायचा? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद, कोल्हापूरहून

अकरा वर्षं घरच्या शेडमध्ये जुन्या फियाट करतोय (पद्मिनी मूळची फियाटच), म्हणून ठामपणे लिहितो. खड्डा खणू नका.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. टाकी काढताना, पंपाची नळी सोडताना चार थेंब सांडले तरी ती वाफ खड्ड्यात उतरते आणि तिथेच साठून राहते. त्याच खड्ड्यात तुम्ही वेल्डिंगचा विचार करताय. शिवाय तुमच्याकडे जमिनीत सच्छिद्र जांभा दगड आहे, जुलैत चारी बाजूंनी पाणी झिरपून खड्ड्याची विहीर होईल. वॉटरप्रूफिंगला जो पैसा घालाल त्यात दुसरं सगळं येतं.

दोन खांबांची लिफ्ट तुमच्या उंचीत बसत नाही. गाडी जवळपास दीड मीटर उंच आहे. खाली उभं राहायला ती सहा फूट उचललीत तर एकूण पावणेअकरा फूट लागतात, आणि कडेला तुमच्याकडे नऊच आहेत.

मी काय केलं ते सांगतो. चांगल्या जाडीच्या चार घोड्या (जॅक स्टँड) घेतल्या, प्रत्येकी तीन टनाच्या, आणि एक ट्रॉली जॅक. गाडीचं वजन नऊशे किलोच्या आसपास आहे, म्हणजे ताकद भरपूर झाली. चिरा, विटा, लाकडी ठोकळा यांच्यावर गाडी ठेवून कधीही खाली शिरू नका. चिरा वरून अखंड दिसतो आणि एका क्षणात फुटतो.

तळाच्या पत्र्यासाठी इंजिन, गिअरबॉक्स, टाकी, काचा सगळं उतरवून मोकळा सांगाडा एका कुशीवर कलता करायचा. त्यासाठी फॅब्रिकेटरकडून पाइपची चौकट करून घ्या, ती पुढच्या-मागच्या बंपरच्या जागी बोल्टने बसते. मग समोर उभं राहून वेल्डिंग करता येतं, ठिणग्या अंगावर पडत नाहीत. ११ फुटांत हे आरामात बसतं.

इंजिन उचलायला मात्र शेडच्या कैचीला, म्हणजे छताच्या त्रिकोणी सांगाड्याला, चेन पुली अडकवू नका. ती कैची पत्र्याचं ओझं पेलण्यासाठी आहे. पुली टांगायला चाकांवरची वेगळी उंच चौकट करून घ्या. आणि ते सिमेंटचे पत्रे जुने असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याचीच शक्यता जास्त. त्यांना भोक पाडू नका, घासू नका, ती धूळ फुप्फुसात जाते.

प्रतिसाद, बांधकामातला माणूस, चिपळूण

तुमचे पहिले पैसे जमिनीत जायला हवेत. जुना कोबा पूर्ण उखडा. मुरूम घालून धुमसून घ्या, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरा आणि तो भिंतीवर चार बोटं वर चढवा. खालून येणारा ओलावा हा कागदच अडवतो, वरून लावलेला कुठलाही रंग अडवत नाही. मग आठ मिलिमीटरच्या सळईची जाळी आणि पाच इंच एम-२० प्रतीचं काँक्रीट. पाणी मारायला दहा दिवस द्या, गाडी आणि घोड्या महिन्याभराने आत आणा.

शहाबादी फरशी नको. तिच्याखाली कुठेतरी पोकळ राहतंच आणि घोडीचा पाय नेमका तिथे आला की फरशी तडकते. चकचकीत टाइलवर ऑइल सांडलं की पाय घसरतो.

उताराबद्दल लोक सांगतील की सगळीकडे द्या. माझं मत वेगळं आहे. जिथे गाडी घोड्यांवर उभी राहणार ती जागा पाणसळीत हवी, उतार फक्त दाराजवळच्या तीन फुटांत. आणि आतली पातळी अंगणापेक्षा सहा इंच वर घ्या. २०२१ च्या जुलैत आमच्याकडे वाशिष्ठीचं पाणी घराघरात शिरलं, तेव्हापासून मी कुणालाही जमिनीलगत काही ठेवायला सांगत नाही. कपाटं, मशिनं सगळं पायांवर.

प्रतिसाद, विजेचं काम करतो

पाच अँपियरच्या पॉइंटवरून वेल्डिंग मशीन लावायचा प्रयत्नसुद्धा करू नका. मीटरपासून गॅरेजपर्यंत तांब्याची सहा चौरस मिलिमीटरची वेगळी लाइन ओढा, आत स्वतंत्र बोर्ड, त्यात ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच). दोन एचपीच्या कॉम्प्रेसरला चालतं दीड किलोवॉट, पण सुरू होताना तो कितीतरी पट जास्त खेचतो, म्हणून त्याला सी प्रकारची एमसीबी लावा, ती सुरुवातीच्या झटक्याने पडत नाही. कॉम्प्रेसर आणि वेल्डिंग एका वेळी चालवणार नसाल तर सिंगल फेज पुरतं. महावितरणकडे मंजूर भार वाढवण्याचा अर्ज मात्र आधी करा.

जांभ्यात अर्थिंग हा खरा प्रश्न. उन्हाळ्यात जमीन सुकते आणि अर्थिंग नावालाच उरतं. नवा खड्डा घेऊन ते करा आणि एप्रिल-मेमध्ये तपासून घ्या.

सॉकेट जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर घ्या. पेट्रोलची वाफ खाली राहते, ठिणगी वर असलेली बरी. दिवे फक्त छताला लावलेत तर बॉनेट उघडल्यावर नेमकी इंजिनावर सावली पडते, म्हणून दोन्ही भिंतींवर खांद्याच्या उंचीलाही ट्यूब लावा. दाराशी सहा किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक ठेवा. तो दाराशीच हवा, आत कोपऱ्यात नाही.

प्रतिसाद, पनवेलहून, पत्र्याचं काम

तुमच्या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. दाराखालच्या दोन्ही पट्ट्या आणि तळाचा पत्रा मिळून गाडी ताठ राहते. तो पत्रा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरक्या पाइपा टाका. नाहीतर मधून बॉडी वाकते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. एका वेळी एकच बाजू कापा. आधी घोड्या नेमक्या कुठे लावणार ते ठरवा, कारण जॅकच्या जागाही सडलेल्या असतील. म्हणूनच कोल्हापूरकरांची कलती चौकट दाराखालच्या पट्ट्या भक्कम झाल्यावरच वापरा.

दमट हवेवर माझ्याकडे एकच उपाय आहे, कामाचं वेळापत्रक. उघडा पत्रा नोव्हेंबर ते मे. जेवढा घासलात तेवढ्याला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, उद्यावर ठेवायचं नाही. जून ते ऑक्टोबर इंजिन, गिअरबॉक्स, डायनॅमो, वायरिंग, सीट टेबलावर घ्या. डीह्युमिडिफायर बंद खोलीत उपयोगी पडतो, पत्र्यांच्या फटी असलेल्या शेडमध्ये तो दिवसभर चालूनही हवा तशीच राहते. गाडीवर प्लास्टिक घालू नका, सुती कापड घाला. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडा, पावसाळ्यात तर दिवसातून दोनदा.

रंग घरी नको, हे हात जोडून सांगतो. टूके रंगाच्या (हार्डनर मिसळून मारायच्या रंगाच्या) हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, साध्या मास्कने ते अडत नाहीत आणि त्यातून दमा जडतो. माझ्या ओळखीचा एक चांगला पेंटर त्यामुळेच आज काम करू शकत नाही. प्रायमरपर्यंत तुम्ही करा, तेही दार उघडं ठेवून आणि तोंडाला चांगला कार्ट्रिज मास्क लावून. शेवटचा रंग बूथ असलेल्या ठिकाणी, दोन दिवस स्वतः तिथे उभं राहून करून घ्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. खड्डा रद्द. रंगाचा कॉम्प्रेसर मोठा घेणार होतो, ते पैसे आता जमिनीत आणि विजेत घालतो. ११ फुटांत गाडी मधोमध ठेवली तर दोन्हीकडे जेमतेम तीन-तीन फूट उरतात, दार पूर्ण उघडत नाही. टेबल कुठे ठेवू?

प्रतिसाद, कोल्हापूरहून

टेबल मागच्या भिंतीला. लांबीत तुमच्याकडे पाच फूट उरतात, त्यात दोन फुटांचं टेबल बसतं. गाडीच्या चारही चाकांखाली छोट्या चाकांच्या पाट्या घाला, म्हणजे हवी तेव्हा हाताने आडवी सरकवता येते. काँक्रीट गुळगुळीत घोटून घ्यायचं कारण हेसुद्धा आहे. फियाटला मिलिमीटरचे पाने लागतात, ८, १०, १३, १७, १९ चांगल्या प्रतीचे घ्या, बाकी सावकाश. एक्झॉस्टच्या तोंडाला जाळी बांधा, उंदीर तिथेही शिरतात.

प्रतिसाद, मुंबईहून

दोन गोष्टी. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झाली की व्हिंटेज म्हणून नोंदणीचा मार्ग उघडतो, २०२१ च्या नियमांनुसार. त्यासाठी इंजिन आणि बॉडी मूळ स्वरूपात हवी, म्हणून कुणी डिझेल इंजिन बसवून देतो म्हणाला तर ऐकू नका. पण ती गाडी मग रोजच्या वापराला काढता येत नाही, ते आधी ठरवा. आणि सुटे भाग आत्ताच जमवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, त्यानंतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला माल दिसेनासा होत चाललाय. पुढची जाळी आणि व्हील कप मी येत्या शनिवारी बघतो, १९७५ च्या जाळीचा जुना फोटो असेल तर टाका. पुढे जाळ्या बदलत गेल्या.

धागाकर्ता

फोटो आहे. आंबा घाटातला, बॉनेट उघडं आहे म्हणून जाळी अर्धीच दिसते, पण बाबांच्या गुडघ्यापाशी बॅज स्पष्ट आहे. आज रात्री स्कॅन करून टाकतो. कोबा उखडायला सोमवारी माणसं येतायत.