माशांच्या 5 फुटी मरीन टाकीचा स्टँड घरीच करू राहिलो, लोखंड आणि वायरिंगचा सल्ला पाहिजे

जळगावकर
नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याच्या टाक्या बरीच वर्षं ठेवल्या, आता पहिल्यांदाच खाऱ्या पाण्याची करू राहिलो. टाकी 5 बाय 2 बाय 2 फूट, 12 मिमी काच, खाली 3 फुटी सम्प (पाणी गाळायची खालची टाकी). स्टँड वेल्डर मित्राकडून घरीच बनवायचा आहे, 40 बाय 40 चा चौकोनी पाईप 2 मिमी जाडीचा, चार कोपऱ्यांना चार पाय. लाईटचा बोर्ड स्टँडच्या आतच वरच्या बाजूला लावायचा विचार आहे म्हणजे वायरी दिसणार नाहीत, आणि चिलर (पाणी थंड ठेवणारं मशीन) पण आतच बसेल. घर तळमजल्याला. काही चुकत असेल तर आत्ताच सांगा, पाईप अजून कापला नाहीये.

फैजपूरकर
भो, पाईप कापू नको अजून. आधी वजन धर. 20 घनफूट म्हणजे 566 लिटर, खारं पाणी जड असतं म्हणून 580 किलो, काच शंभरच्या वर, दगड-वाळू पुन्हा 80-90, वर सम्पचं वेगळं, म्हणजे एक टन धरूनच चाल. पाय हे वजन आरामात घेतील, प्रश्न वरच्या 5 फुटी आडव्या पाईपाचा आहे. मधे आधार नसला तर 40 चा 2 मिमी पाईप मधोमध 10 मिमीच्या वर झोल घेतो, आणि काचेला एवढा झोल चालत नाही, तळाचा सिलिकॉन उसवतो. 50 बाय 50, 3 मिमी घे आणि मागे-पुढे दोन्हीकडे मधला पाय दे. म्हणजे सहा पाय.

दुसरं म्हणजे वरची फ्रेम पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे. पायांच्या मधे अडकवून वेल्ड मारला तर सगळं वजन वेल्डवर येतं. वेल्डरला कागदावर चित्र काढून दे, तोंडी सांगितलं की गेट बनवतात तसंच बनवतात.

आणि मधला पाय आला की 3 फुटी सम्प पुढून आत जाणार नाही!! माझ्या पहिल्या स्टँडला हेच झालं होतं, सगळा रंग मारून झाल्यावर कळलं, मग ग्राइंडर लावून पाय कापला आणि परत जोडला. एक बाजू मोकळी ठेव, तिकडून सम्प सरकव. मागच्या बाजूला तिरपी पट्टी दे आणि मोकळ्या बाजूच्या कोपऱ्यांना त्रिकोणी पट्ट्या, म्हणजे स्टँड डुलणार नाही.

यावल
जमीन बघितली का दादा? आपल्याकडे खाली काळी माती, पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात भेगाळते, भरावावरची फरशी कुठे ना कुठे पोकळ असतेच. नाण्याने ठोकून बघ, पोकळ वाजली तिथे पाय नको. पायाखाली 4 इंच रुंदीच्या जाड प्लेटा, स्टँडच्या वर 18 मिमी मरीन प्लाय आणि त्यावर थर्माकोल. लेव्हल पाण्याच्या नळीने बघ, आणि पावसाळा संपला की परत एकदा.

वायरमन आप्पा, चोपडा
वजनाचं सगळ्यांनी सांगितलं, मी विजेचं सांगतो आणि हे मनावर घे. बोर्ड स्टँडच्या आत नको म्हणजे नकोच. खाली उघडा सम्प असतो, बुडबुडे फुटून बारीक तुषार उडतात, पाणी वाळतं पण मीठ राहतं. पिनेवर पांढरा थर चढतो आणि हवेतला ओलावा लागला की त्या थरातूनच करंट वाहायला लागतो. एका घरी असा बोर्ड उघडला तर सॉकेटची मागची बाजू हिरवी-काळी झालेली, प्लास्टिक वितळून पिनेला चिकटलेलं, आणि रोज लेकरं त्याच टाकीसमोर बसायची. तो बोर्ड माझ्या नजरेसमोरून अजून जात नाही.

बोर्ड बाहेर बाजूच्या भिंतीवर, टाकीपासून हातभर लांब, झाकणाच्या डब्यात. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब खालीच पडतो, सॉकेटपर्यंत जात नाही. मेन बोर्डापासून वेगळी 2.5 चौरस मिमी वायरची लाईन ओढ. त्यावर एमसीबी (लोड जास्त झाला की पडतो) आणि 30 मिलीॲम्पचा आरसीसीबी (करंट गळाला की लाईन तोडतो), दुकानात ईएलसीबी म्हटलं तरी देतात. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवतो तो आरसीसीबी, म्हणून दोन्ही पाहिजेत. जमलं तर आरसीसीबी दोन घे, एकावर मोठा पंप, दुसऱ्यावर वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा छोटा पंप), म्हणजे तुम्ही गावाला असताना एक पडला तरी पाणी हलत राहील. टेस्टचं बटन महिन्यातून एकदा दाब. लोखंडी स्टँडला अर्थिंग जोड, आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत जा, माती कोरडी पडली की अर्थिंग नावालाच राहतं.

धुळेकर ताई
चिलर आत बंद करू नका हो, तो गरम हवा बाहेर फेकतो. मे महिन्यात आपल्याकडे 44-45 होतं आणि मरीनला 25-26 च्या आसपास पाहिजे, बंद कपाटात तो आपलीच गरम हवा परत ओढत बसेल. गॅलरीत ठेवा, सावलीत.

आणि लाईट गेली की काय होतं ते सम्पचं माप ठरवताना बघा. पंप थांबला की वरचं पाणी परतीच्या पाईपातून (सम्पचं पाणी वर नेणारा) उलटं खाली येतं. तुमच्या टाकीत 1 इंच पाणी म्हणजे जवळजवळ 24 लिटर. पाईपाचं तोंड 3 इंच बुडालेलं असेल तर 70 लिटर खाली येणार, सम्पमध्ये तेवढी जागा नसली तर ते सरळ फरशीवर. तोंड पाण्याच्या पातळीच्या अगदी जवळ ठेवा. आमच्याकडे पहिल्याच रात्री लाईट गेली आणि सकाळी गादीपर्यंत खारं पाणी. म्हणून मासे आणायच्या आधी साध्या पाण्याने भरून मुद्दाम मेन बंद करून बघा, दोन-तीनदा.

जळगावकर
सगळ्यांचे मनापासून आभार, आप्पांचं वाचून घरच्यांनी पण बोर्ड भिंतीवरच पाहिजे म्हणून सांगितलं. 50 चा 3 मिमी पाईप आज सांगून आलो, सहा पाय, डावी बाजू मोकळी. फरशी ठोकून बघितली तर खिडकीकडच्या दोन फरश्या पोकळ वाजल्या म्हणून टाकी समोरच्या भिंतीला घेतली. आता फक्त रंगाचं सांगा, रेड ऑक्साइडवर साधा ऑइलपेंट टिकेल का?

फैजपूरकर
नाही टिकणार, मीठ खाऊन टाकतं. इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर इपॉक्सी रंगाचे दोन हात. पाईपाची तोंडं वेल्डने बंद करून घे, नाहीतर आतून गंज धरतो.